लिएपायाची टीम नक्की किती जुनी?

कुठेही शोधलंत तर एफके लिएपाया या लॅटव्हियन क्लबची स्थापना 2014 अशीच सापडेल. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते खरं वाटलं होतं. मग हळूहळू खोदत गेलो, जुनी लीग टेबलं बघितली, प्लेयर्सची करिअर बघितली, आणि आता मला ते 2014 बघितलं की चक्क राग येतो. कारण या गावात फुटबॉल क्लब आहे तो 1922 पासून. मधे नावं बदलली, मालक बदलले, देश सुद्धा बदलला, पण ज्याला आपण गावाची टीम म्हणतो ती कायम होतीच.

पण आधी मी यात कसा पडलो ते सांगतो.

2004 चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा. लॅटव्हिया पहिल्यांदाच क्वालिफाय झालेली, आणि ती सुद्धा तुर्कस्तानला प्लेऑफमध्ये घालवून, ज्या तुर्कस्तानने 2002 च्या वर्ल्ड कपात तिसरा नंबर काढला होता. रिगात 1-0, मग इस्तंबूलमध्ये 0-2 ने मागे पडून 2-2. पहिली मॅच चेक रिपब्लिकशी होती, नेदवेद, रोसिस्की, बारोश, कोलर सगळे त्या टीममध्ये. मी टीव्हीसमोर बसलो होतो ते चेक टीम बघायलाच. हाफटाइम व्हायला काही सेकंद उरलेले आणि डावीकडून प्रोहोरेन्कोव्स बॉल घेऊन सुटला, त्याने खालून सरळ गोलसमोर पास टाकला आणि मधून एक बुटका चपळ पोरगा धावत आला, त्याने नुसता पाय लावला. 1-0 लॅटव्हिया. मी उठून उभा राहिलो होतो. चेक टीमने सेकंड हाफमध्ये दोन गोल करून मॅच काढली, पण त्या रात्री मला एकच नाव लक्षात राहिलं, मारिस वेर्पाकोव्स्किस. चारच दिवसांनी त्यांनी जर्मनीला 0-0 रोखलं. तिसऱ्या मॅचमध्ये नेदरलँड्सकडून 3-0 ने हरले आणि घरी गेले, पण तोपर्यंत मी त्यांचा झालो होतो.

मग हा पोरगा कुठला ते शोधलं तर लिएपायाचा. आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

लिएपाया म्हणजे लॅटव्हियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, बाल्टिक समुद्रावरचं बंदर. रिगा आणि दाउगाव्पिल्स नंतर देशातलं तिसरं मोठं शहर, पण मोठं म्हणजे किती, तर आज 65-70 हजार वस्ती. 1989 साली हीच वस्ती 1 लाख 14 हजारच्या आसपास होती, म्हणजे एका पिढीत चाळीस टक्क्यांच्या आसपास गाव रिकामं झालं. सोव्हिएत काळात इथे नौदलाचा मोठा तळ होता, कारोस्ता म्हणतात त्या भागाला, त्यामुळे बाहेरच्या माणसाला शहरात सहज जाता सुद्धा येत नव्हतं. 1994 मध्ये रशियन सैन्य गेलं आणि तो भाग ओसाड पडला. गावाची ओळख "वारा जिथे जन्मतो ते शहर" अशी आहे. स्टेडियम समुद्राच्या बाजूलाच, दाउगावा स्टेडियम नाव, फार तर चार-पाच हजार लोक बसतील एवढं. अशा वाऱ्यात उंच क्रॉस टाकून खेळणं किती कठीण असेल याचा विचार करा.

तर 1922. लॅटव्हिया देश म्हणून जन्मला 1918 ला, आणि त्यानंतर चार वर्षांत लिएपायात ओलिम्पिया नावाचा क्लब निघाला. 1927 ला देशाची नॅशनल लीग सुरू झाली आणि पहिला चॅम्पियन कोण तर हीच ओलिम्पिया. मग 1928 ला, 1929 ला सुद्धा तेच. म्हणजे राजधानी रिगात सगळा पैसा, सगळे मोठे क्लब, आणि लीगची पहिली तीन टायटलं एका बंदराच्या गावाने नेली! नंतर 1933 ला एक, आणि तीसच्या दशकाच्या शेवटी अजून तीन. एकूण सात. त्या काळात रिगाच्या आरएफके क्लबला खरी टक्कर कोणी दिली असेल तर यांनीच.

त्या शेवटच्या तीन टायटलांच्या मागे एक माणूस आहे आणि त्याच्याबद्दल मला जरा थांबून लिहायचंय.

ओट्टो फिशर. व्हिएन्नाचा. 1901 चा जन्म. ऑस्ट्रियाच्या नॅशनल टीमसाठी सात मॅच खेळलेला. ज्यू होता, व्हिएन्नाच्या हाकोआह या ज्यू क्लबकडूनही खेळलेला. त्या काळातला व्हिएन्नाचा फुटबॉल म्हणजे युरोपातला सगळ्यात डोक्याने खेळला जाणारा फुटबॉल, छोटे पास, जागा शोधणं, आणि तो सगळा अनुभव घेऊन हा माणूस 1936 मध्ये लिएपायात कोच म्हणून आला. ओलिम्पिया त्याच वर्षी चॅम्पियन झाली. मग 1938 ला झाली, 1939 ला झाली.

याच काळातली एक गोष्ट मला सारखी आठवते. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये लॅटव्हियाची नॅशनल टीम वर्ल्ड कपच्या क्वालिफायरसाठी व्हिएन्नाला गेली, फिशरच्याच शहरात, आणि तिथे ऑस्ट्रियाकडून 2-1 ने हरली. फक्त एका गोलचा फरक, आणि तो सुद्धा त्या काळातल्या ऑस्ट्रियाशी. पुढच्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली, ऑस्ट्रियाची टीमच संपली, वर्ल्ड कपमधली त्यांची जागा रिकामी राहिली, पण ती लॅटव्हियाला दिलीच नाही. लॅटव्हिया आजवर एकदाही वर्ल्ड कप खेळलेली नाही. आणि फिशरसाठी त्याच मार्चमध्ये घरी परतायचा रस्ता बंद झाला. एका ज्यू माणसाने 1938 नंतर व्हिएन्नाला कशासाठी जायचं? तो लिएपायातच राहिला.

1940 मध्ये सोव्हिएत सैन्य आलं, लॅटव्हिया नकाशावरून गेली, आणि जुन्या क्लबांबरोबर ओलिम्पियाही बंद केली. मग 1941 च्या जूनमध्ये जर्मन आले. लिएपायासाठी जवळपास आठवडाभर लढाई चालली आणि 29 जूनला शहर पडलं. त्या शहरात तेव्हा 7 हजारांच्या आसपास ज्यू लोक राहत होते. पहिल्या दिवसांपासूनच लोकांना पकडून गोळ्या घालायला सुरुवात झाली, आणि डिसेंबरात शहराच्या उत्तरेला श्केदेच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांत, तीन दिवसांत 2,700 हून जास्त माणसं मारली, त्यात बायका आणि मुलं जास्त. ओट्टो फिशरला 1941 मध्येच मारलं. वय 40. ज्या गावाला त्याने तीन वेळा चॅम्पियन केलं त्याच गावात.

मी हे जेव्हा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचवलं नाही. फुटबॉलच्या इतिहासात मारल्या गेलेल्या मोठ्या क्लबांच्या कोचबद्दल थोडंफार लिहिलं जातं, पण लिएपायाच्या कोचला कोण ओळखतं. म्हणूनच ते "स्थापना 2014" मला खटकतं. 2014 लिहिलं की फिशर या क्लबचा उरतच नाही.

युद्धानंतर सगळं सोव्हिएत पद्धतीने. क्लब म्हणजे कारखान्याचा, खात्याचा, नाहीतर सैन्याचा. लिएपायात 1882 पासूनचा एक पोलादाचा कारखाना होता, सोव्हिएत काळात त्याचं नाव सार्कानाइस मेटालुर्ग्स, म्हणजे लाल धातुकामगार, आणि गावच्या टीमचंही नाव तेच पडलं. आता लॅटव्हिया देश नव्हता, सोव्हिएत युनियनमधलं एक रिपब्लिक होतं, त्यामुळे ही लीग सुद्धा मोठ्या सोव्हिएत लीगच्या खाली बरीच खोल. पण त्या लीगमध्ये पन्नासच्या दशकात सार्कानाइस मेटालुर्ग्स म्हणजे दादा टीम होती, टायटलांवर टायटलं. नंतर साठच्या दशकात टीमचं नाव झालं ज्वेइनिएक्स, याचा अर्थ मच्छीमार. मला हे नाव सगळ्यात आवडतं. बंदराचं गाव, मासेमारीचं गाव, त्याच्या टीमचं नाव मच्छीमार, अजून काय पाहिजे. हे नाव सगळ्यात जास्त टिकलं पण, सोव्हिएत युनियन मोडकळीला येईपर्यंत.

मग स्वातंत्र्य आलं आणि नावांचा गोंधळ सुरू झाला. आधी जुनं ओलिम्पिया नाव परत आणलं, मला वाटतं लोकांना ते मनापासून हवं असणार, पन्नास वर्षांनी आपलं नाव परत मिळतंय म्हटल्यावर. पण नुसत्या नावाने पोट भरत नाही, नव्वदच्या दशकातली लॅटव्हिया म्हणजे कारखाने बंद पडतायत, लोक बाहेर चाललेत, क्लबला पैसा देणारा कोण. मग एफके लिएपाया, मग डाग, मग बाल्टिका, दोन-तीन वर्षांत एवढी नावं. याच दोन-तीन वर्षांत पंधरा-सोळा वर्षांचा वेर्पाकोव्स्किस तिथे खेळायला लागला होता. म्हणजे बघा, पोरगा तोच, गाव तेच, आणि जर्सीवरचं नाव मात्र वर्षावर्षाला वेगळं.

1997 ला परत पोलाद कारखान्याने टीम हातात घेतली आणि नाव झालं लिएपायास मेटालुर्ग्स. इथून पुढची सोळा-सतरा वर्षं क्लबला स्थैर्य होतं.

पण समोर स्कोंतो होता. रिगाचा स्कोंतो म्हणजे काय होतं हे आज सांगून पटणार नाही. 1991 पासून 2004 पर्यंत सलग 14 वेळा चॅम्पियन. सलग चौदा! त्या काळात लॅटव्हियन फुटबॉल म्हणजे स्कोंतो असंच समीकरण, चांगला प्लेयर कुठेही तयार झाला की शेवटी तिकडेच जायचा. वेर्पाकोव्स्किस सुद्धा 2001 ला स्कोंतोत गेला आणि तिथून 2004 च्या सुरुवातीला डायनामो कीवला. मेटालुर्ग्सने पोरं घडवायची आणि रिगाने न्यायची. छोट्या शहराच्या क्लबच्या नशिबी हे जगात सगळीकडेच असतं, पण इथे ते चौदा वर्षं एकाच क्लबच्या बाबतीत होत राहिलं, आणि दरवर्षी शेवटी टायटल रिगातच.

2005 ला ते तुटलं. कोच होते लिथुआनियाचे बेन्यामिनास झेल्केविचुस, आणि गोल करणारा विक्तोर्स दोब्रेत्सोव्स, जो त्या वर्षी लीगच्या टॉप स्कोरर्समध्ये होता. मेटालुर्ग्स चॅम्पियन, स्कोंतोची साखळी संपली. मधला सोव्हिएत काळ सोडला तर स्वतंत्र लॅटव्हियाचं टायटल लिएपायात परत आलं ते 1939 नंतर, म्हणजे 66 वर्षांनी. त्या 1939 च्या टीमला घडवणारा माणूस फिशर होता हे 2005 च्या रात्री गावात किती जणांना आठवलं असेल माहीत नाही, पण मला तो धागा दिसतो.

पुढच्याच वर्षी, 2006 ला, लॅटव्हियन कप. 2007 ला बाल्टिक लीग, ज्यात लॅटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया तिन्ही देशांचे क्लब होते. 2009 ला परत चॅम्पियन, यावेळी कोच रुडिगर अब्राम्चिक, सत्तरच्या दशकातला शाल्केचा जर्मन विंगर. गंमत म्हणजे 2004 च्या युएफा कपात याच शाल्केने मेटालुर्ग्सला दोन्ही मॅचमध्ये धुतलं होतं. युरोपात मेटालुर्ग्सला फारसं यश कधीच मिळालं नाही, तिथे शेजारच्या वेंत्सपिल्सने जास्त नाव काढलं, 2009 ला युरोपा लीगच्या ग्रुप स्टेजपर्यंत गेले. पण तो वेगळा विषय आहे, आणि त्या क्लबचा शेवटही फार वाईट झाला, 2021 मध्ये मॅच फिक्सिंगवरून युएफाने सात वर्षांची बंदी घातली आणि क्लबच संपला. त्यावर परत कधीतरी.

आता 2013. इथे क्लबच्या इतिहासातलं मला सगळ्यात जास्त लागणारं पान येतं, कारण यात मैदानावरच्या कोणाचीच चूक नव्हती. कारखान्याने जुन्या भट्ट्या काढून नवीन इलेक्ट्रिक भट्टी बसवली होती, त्यासाठी इटालियन बँकेचं मोठं कर्ज काढलेलं आणि त्याला लॅटव्हियन सरकार जामीन. मग स्टीलचे भाव, विजेचा खर्च, कर्जाचे हप्ते, काहीच जमेना. 2013 मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि जामीन राहिलेल्या सरकारला कर्ज भरावं लागलं. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ज्या गावात आधीच लोक कमी होत चाललेत तिथे नोकरी गेली म्हणजे काय, तर अजून एक घर आयर्लंडला नाहीतर इंग्लंडला जाणार. क्लबचा एकमेव पैसा देणारा हाच कारखाना. सीझन संपला आणि दोन वेळा चॅम्पियन झालेला लिएपायास मेटालुर्ग्स बंद झाला.

मी बरेचदा लोकांशी यावर वाद घातलाय. काहीजण म्हणतात एका कंपनीवर क्लब चालवायचाच कशाला. पण 65-70 हजारांच्या गावात दुसरा कोण देणार? चार-पाच हजार सीटचं स्टेडियम, तेही दर मॅचला भरत नाही, टीव्हीचा पैसा नावापुरता. तिकीट विकून असा क्लब चालत नाही. कारखाना होता म्हणून 2005 झालं, कारखाना गेला म्हणून 2013 झालं, आणि 2005 नको होतं असं मी तरी कधी म्हणणार नाही.

2014 ला लॅटव्हियात लाट्स हे जुनं चलन जाऊन युरो हे चलन आलं आणि त्याच वर्षी लिएपायात नवीन क्लब उभा राहिला, एफके लिएपाया. मैदान तेच, गाव तेच, वरच्या लीगमधली जागा सुद्धा मेटालुर्ग्सचीच मिळाली. आणि वेर्पाकोव्स्किस परत आला. कीव, स्पेन, क्रोएशिया, ग्रीस, अझरबैजान असं सगळं फिरून, लॅटव्हियासाठी 104 मॅच खेळून आणि 29 गोल करून, जो गोलांचा त्यांचा आजवरचा रेकॉर्ड आहे, 34 वर्षांचा वेर्पाकोव्स्किस आपल्या गावात खेळायला आला, तिथेच रिटायर झाला आणि नंतर क्लबचा प्रेसिडेंट झाला. मला खरंच भरून आलं होतं ते वाचून. त्याला कुठेही काही मिळालं असतं, आणि तो एका दिवाळखोरीतून उठलेल्या, नव्याकोऱ्या क्लबकडे आला.

आणि 2015. नवीन क्लबचं दुसरंच वर्ष. एफके लिएपाया चॅम्पियन. कोच कोण? विक्तोर्स दोब्रेत्सोव्स. तोच, 2005 ला गोल करून स्कोंतोची साखळी तोडणारा. दहा वर्षांनी त्याच मैदानावर बाजूच्या लाईनवर उभा राहून त्याने परत टायटल आणलं. आता कोणी मला सांगावं की हे दोन वेगळे क्लब आहेत. कागदावर आहेत, कबूल. कंपनी वेगळी, रजिस्ट्रेशन वेगळं, म्हणून रेकॉर्डमध्ये एफके लिएपायाच्या नावावर एकच टायटल दिसतं. पण त्या दिवशी स्टँडमध्ये बसलेल्या साठीच्या माणसाने लहानपणी मच्छीमारांच्या टीमची मॅच बघितली असेल, तरुणपणी मेटालुर्ग्सची, आणि आता ही. त्याने कधी टीम बदलली? तो तर त्याच जागेवर बसलाय.

त्यानंतर 2017 आणि 2020 ला लॅटव्हियन कप जिंकला. लीग परत जिंकता आलेली नाही, आता रिगाचे दोन क्लब, रिगा एफसी आणि आरएफएस, पैशाने फार पुढे गेलेत, आणि बाहेरच्या एखाद्या शहराने टायटल नेलं तर मोठी बातमी होते, जशी 2022 ला वाल्मिएराची झाली. परत तेच स्कोंतोच्या काळासारखं चित्र दिसतंय आणि मला त्याची काळजी वाटते.

माझ्याकडे एक जुनी वही आहे, त्यात मी क्लबांची टायटलं लिहून ठेवतो. लिएपायाचं पान मी दोन वेळा फाडून परत लिहिलं, कारण आधी प्रत्येक नावाखाली वेगळा रकाना केला होता. आता एकच आहे. 1927, 1928, 1929, 1933, 1936, 1938, 1939, 2005, 2009, 2015. सोव्हिएत काळातली बाजूला पेन्सिलने. 1936, 1938 आणि 1939 च्या पुढे मी फिशर लिहिलंय, 2005 आणि 2015 च्या पुढे दोब्रेत्सोव्स, आणि 2015 च्या खाली पाच-सहा ओळी मोकळ्या सोडल्यात.